सखीचं काम

रुआँ शहरात, रंगाऱ्यांच्या गल्लीमागं,
चेंडूफळीच्या जुन्या मैदानावर छप्पर घालून
आमचं नाटक चालायचं.
भिंतींना ओल्या लोकरीचा वास.
चरबीच्या मेणबत्त्या विझू लागल्या की अंक संपायचा,
कवीनं काहीही लिहिलेलं असो.

मी सखी. वीस वर्षं सखी.
राणीच्या डावीकडं, दोन पावलं मागं.
माझ्या वाट्याला एवढंच:
बाईसाहेब, हे काय ऐकते मी!
बाईसाहेब, महाराज इकडंच येताहेत.
बाईसाहेब, धीर धरा.
सखीला प्रीत नसते, राज्य नसतं,
मरणसुद्धा नसतं.
सखीला कान असतात.

रक्त आमच्याकडं रंगमंचावर येत नाही.
ते दाराबाहेर थांबतं, अंगणात, घोड्यांपाशी,
आणि आत पाठवतं एक धापा टाकणारा माणूस.
एवढा धावत आलेला, तरी त्याला
साठ ओळी बिनचूक पाठ.

सिदोनी राणी व्हायची. बिथिनियाची.
सिंहासन राखायला ती प्रियकराच्या मृत्यूवर मोहोर उठवते
आणि चौथ्या अंकात तिला कळतं
की फितूर तो नव्हताच.
प्रियकर व्हायचा व्हालब्रुन.
त्याच्या गळ्यात खोटी साखळी, आवाजात खरं सोनं.
दिवसा त्याच्या चिठ्ठ्या मीच न्यायची सिदोनीकडं,
बाहीत लपवून, सेन नदीवरच्या पुलावरून.
एकदाही उघडली नाही.
एकदा उघडली.

त्या हिवाळ्यात गोतिये तापानं पडला,
पुस्तक धरून बसायला कुणी नव्हतं.
चौथा अंक. मंचावरच खुर्च्या टाकून बसलेले सरदार
तपकीर ओढत होते.
सिदोनी पुढं आली, हात उचलला,
आणि ओळ गेली.

मला दिसलं ते. फक्त मलाच दिसलं.
मानेवरची एक शीर,
आणि डोळ्यांत विहिरीत पडलेल्या माणसाची नजर,
माझ्याकडं वळलेली.

ओळ माझ्या जिभेवर होती.
बारा अक्षरं, सहावर श्वास:
मीच दिली आज्ञा, मीच आता रडू?
वीस वर्षं तिच्या पाठीमागं
माझे ओठ मिटल्या मिटल्या तेच बोलत आलेले.
दोन पावलं. एक कुजबूज. सखीचं कामच ते.

मी उभी राहिले.

वातीवर काजळी धरली. तपकिरीची डबी मिटल्याचा आवाज आला.
मग तोही नाही.
कुणीतरी हुंदका दिला मागच्या बाकावर,
कुणी कसाई असेल, कुणी कोळीण,
मग दुसऱ्या कुणी, मग सरदारसुद्धा.
लोकांना वाटलं, राणीला शब्द फुटत नाहीये.
खरंच फुटत नव्हता.
तिला ओळ सापडली तेव्हा सगळं छप्पर रडत होतं.

असा दगा कुणी दिला नसेल कुणाला:
मी तिला बुडवायला गेले
आणि तिला वर उचलून ठेवलं.
दुसऱ्या दिवसापासून ती त्या जागी रोज थांबायची,
तेवढंच, श्वास मोजून.
पॅरिसहून माणसं यायची ते ऐकायला.
आणि मी दोन पावलं मागं,
रोज रात्री तोच गुन्हा, आता हुकमावरून.

व्हालब्रुन नंतर एका धान्यव्यापाऱ्याच्या विधवेबरोबर गेला.
त्यावर कुणी साठ ओळी म्हटल्या नाहीत.

परवा सिदोनीनं बोलावणं पाठवलं.
खोलीत पाद्री कागद घेऊन बसलेला:
रंगभूमी सोडली असं लिहून दिलं
तर पवित्र माती मिळेल, नाहीतर रात्री, भिंतीपलीकडं.
तिनं मला जवळ ओढलं.
"त्या रात्री तुला ओळ आठवत होती ना गं?"

मी थांबले.
ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जाणकारानं बघावं तशी,
मग हसली. "थोडं जास्त झालं," म्हणाली.
"एक श्वास कमी घे."

पाद्र्यानं दौत पुढं केली.
वात वाढली होती. कातर शोधायला मी उठले.